भानामतीचा शोध

घरांत रात्रीची निजानीज झालेली असते आणि एवढ्यांत पत्र्यावर धाडकन् दगड आदळतो. दुसऱ्या दिवशीं भर दुपारीं फडताळांतली बरणी कोणीं हात न लावतां खालीं येऊन फुटते. दांडीवर वाळत घातलेलें लुगडें पेट घेतें, शिजलेल्या भातांत माती निघते, कुलुपांत ठेवलेला पैसा नाहींसा होऊन अंगणांत सांपडतो. घरधनी पहारा ठेवतो, शेजारचे चार तरुण काठ्या घेऊन माडीवर बसतात. परंतु दगड मारणारा हात कांहीं दृष्टीस पडत नाहीं. महाराष्ट्रांत या प्रकारास भानामती म्हणतात. जर्मन लोक यालाच 'पोल्टरगाइस्ट', म्हणजे गलबला करणारें भूत, असें म्हणतात; आणि हाच शब्द पुढें इंग्रजींत व इतर युरोपीय भाषांत रूढ झाला.

नांवें निराळीं असलीं तरी हकीकती मात्र आश्चर्य वाटावें इतक्या सारख्या आहेत. ॲलन गॉल्ड आणि टोनी कॉर्नेल या दोघां इंग्रज संशोधकांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत निरनिराळ्या देशांतील व काळांतील ५०० हकीकतींची छाननी केली. त्यांपैकीं सुमारें ६४ टक्के हकीकतींत लहानसहान वस्तू जागच्या हलल्या होत्या आणि ४८ टक्के हकीकतींत ठकठक असे आवाज ऐकूं आले होते. या सर्व हकीकतींचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात असें त्यांना दिसून आलें. एका वर्गांतील प्रकार एखाद्या वास्तूला चिकटून वर्षानुवर्षें चालतात. लोक तिला झपाटलेला वाडा म्हणतात. दुसऱ्या वर्गांतील प्रकार एखाद्या व्यक्तीभोवतीं घडतात, थोडे दिवस चालतात, आणि ती व्यक्ति घराबाहेर गेली म्हणजे बहुधा थांबतात. खरी भानामती ती हीच. आणि ती व्यक्ति पुष्कळदां एखादें अल्पवयीन मूल, घरांत नवी आलेली सून किंवा मोलमजुरीस राहिलेली पोर असते.

हा विषय केवळ कुतूहलाचा नाहीं. दगड कोण मारतो याचें उत्तर सांपडेनासें झालें म्हणजे घरचीं माणसें तें कोणाच्या तरी नांवावर घालतात. मग पलीकडच्या आळींतली एखादी विधवा चेटकीण ठरते, भाऊबंदकींतला एखादा चुलता करणी करणारा ठरतो, नाहींतर घरांतल्याच मुलीच्या अंगांतलें भूत उतरविण्यासाठीं मांत्रिक बोलावला जातो. म्हणून भानामतीचा उलगडा कसा करावयाचा हा प्रश्न जितका शास्त्राचा आहे तितकाच न्यायाचाही आहे.

या शोधाचा इतिहास सुमारें साडेतीन शतकांचा आहे. १६६१ सालीं इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यांत जॉन मॉम्पेसन नांवाच्या जमीनदारानें, खोट्या परवान्यावर ढोल वाजवीत फिरणाऱ्या एका माणसाला पकडून त्याचा ढोल जप्त केला. तो ढोल टेडवर्थ येथील त्याच्या घरीं येऊन पडल्यावर रात्रीं भिंतींवर ठोके पडूं लागले, ढोल वाजल्यासारखे आवाज येऊं लागले आणि मुलांचे पलंग हादरूं लागले. ही वार्ता ऐकून जोसेफ ग्लॅनव्हिल हे विद्वान् धर्मोपदेशक तेथें जाऊन राहिले. दोन लहान मुली बिछान्यांत पडल्या होत्या आणि उशीमागून खरवडल्यासारखा आवाज येत होता. ग्लॅनव्हिल यांनीं उशीमागें हात घालून पाहिला, बिछाना तपासला, मुलींचे हात पांघरुणाबाहेर आहेत हें पाहून घेतलें, आणि हा आवाज कोणा पिशाचाचाच होय असा निष्कर्ष काढला. ढोल गमावलेल्या बिचाऱ्या विल्यम ड्रुरीवर चेटकाचा आरोप आला. जागेवर जाऊन स्वतः पाहणें ही शोधाची पहिली पायरी ग्लॅनव्हिल चढले होते. परंतु एका भेटींत जें कारण दिसलें नाहीं तें नाहींच असें धरून चालणें ही चूकही त्यांच्याच हातून प्रथम झाली, आणि ती आजतागायत चालू आहे.

पुढें शंभर वर्षांनीं, १७६२ सालीं, लंडनच्या कॉक लेन या गल्लींतील प्रकरणानें सारें शहर हालवून सोडलें. रिचर्ड पार्सन्स याच्या घरीं त्याच्या बारा वर्षांच्या सुमाराच्या मुलीच्या बिछान्याभोवतीं ठोके ऐकूं येत. एक ठोका म्हणजे होय, दोन म्हणजे नाहीं, अशी खूण ठरविण्यांत आली. आणि त्या ठोक्यांनीं 'सांगितलें' तें असें कीं, पूर्वीं त्या घरांत राहून गेलेल्या विल्यम केंट याच्या जोडीदारणीचें हें भूत असून केंटनें तिला विष घालून मारलें. वस्तुतः ती बाई देवीच्या रोगानें वारली होती. केंटनें उसने दिलेल्या पैशांवरून त्याचें आणि पार्सन्सचें वांकडें आलें होतें, ही गोष्ट मात्र भुतानें सांगितली नाहीं. शेवटीं एक चौकशी मंडळ नेमण्यांत आलें. सुप्रसिद्ध कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन हे त्यांतील एक सभासद होते. शवपेटीवर ठोका देण्याचें भुतानें वचन दिलें होतें म्हणून मंडळी मध्यरात्रीं चर्चच्या तळघरांत उतरली. तेथें सारें सामसूम. मुलीला आवाज काढण्याची कांहीं युक्ति साधली आहे, यांत अलौकिक कारण नाहीं, असा निर्णय जॉन्सन यांनीं लिहून प्रसिद्ध केला.

याच प्रकरणांतील दुसरी एक गोष्ट अधिक बोधप्रद आहे. मुलीला निराळ्या घरीं नेऊन ठेवल्यावर आवाज बंद पडले. तेव्हां आवाज झाले नाहींत तर तुला व तुझ्या आईबापांना तुरुंगांत घालतील, असें तिला बजावण्यांत आलें. त्या पोरीनें काय केलें? किटली ठेवण्याची एक लांकडी फळी अंगरख्यांत लपवून ती बिछान्यांत शिरली, आणि दाराच्या फटींतून पाहणाऱ्या मोलकरणींनीं तें पाहिलें. लबाडी उघडकीस आली हें खरें. परंतु ती एका भेदरलेल्या मुलीनें आईबापांना वांचविण्यासाठीं केलेली लबाडी होती. पार्सन्सला दोन वर्षें कैद व तीन वेळां चव्हाट्यावर खोड्यांत उभें राहण्याची शिक्षा झाली. केंटवरील खुनाचा डाग पुसला गेला. एका मुलीच्या बिछान्यांतील ठोक्यांवर एका माणसाचा प्राण टांगला होता, हें यावरून ध्यानांत यावें.

१७७२ च्या जानेवारींत स्टॉकवेल येथें एका वृद्ध बाईच्या घरीं दोन दिवस भांडींकुंडीं धडाधड पडत राहिलीं. नोकरीस दहाच दिवस झालेली मोलकरीण तेवढी शांत असे. तिला काढून टाकतांच उपद्रव थांबला. पुढें १८२५ सालीं विल्यम होन या लेखकानें असें छापलें कीं, भांड्यांना घोड्याचे लांब केस व तारा बांधून आपणच तीं ओढीत होतों, असें त्या मोलकरणीनें मागाहून कबूल केलें होतें. उलगडा समाधानकारक वाटतो. परंतु सावध वाचकानें येथेंही थांबावें. ही कबुली ऐकीव असून घटनेनंतर अर्धशतकानें छापली गेली. भुताच्या बाजूचा ऐकीव पुरावा जर ग्राह्य नाहीं, तर भुताच्या विरुद्धचा ऐकीव पुरावाही त्याच तराजूंत तोलला पाहिजे.

पुराव्याचा हा तराजू नीट बनविण्याचें काम १८८२ सालीं लंडनमध्यें स्थापन झालेल्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या संस्थेनें हातीं घेतलें. संस्थेचे एक सभासद फ्रँक पॉडमोर यांनीं १८९६ सालीं अशा अकरा प्रकरणांचा अहवाल प्रसिद्ध केला. साक्ष कोणी दिली, घटना घडल्यावर किती दिवसांनीं लिहून काढली, वस्तू निघतांना कोणीं पाहिली कीं पडल्यावरच पाहिली, त्या क्षणीं कोण कोठें होतें, असे साधे प्रश्न ते विचारीत. या प्रश्नांपुढें पुष्कळसें अद्भुत वितळून गेलें. वस्तू पडलेली शेंकडों लोकांनीं पाहिलेली असे. ती जागची उठतांना पाहणारा क्वचित् सांपडे. खोडकर मूल, विशेषतः एखादी मुलगी, आणि भोंवतालच्या मोठ्या माणसांची विश्वास ठेवण्याची तयारी, यांत बहुतेक सर्व आलें, असें पॉडमोर यांचें मत पडलें.

मोठीं, शहाणीं, खरें बोलणारीं माणसें इतकी चूक कशी करतील, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. तिचें उत्तर याच संस्थेच्या एस. जे. डेव्ही या तरुणानें १८८७ च्या सुमारास प्रयोगानें दिलें. हातचलाखी शिकून त्यानें पाट्यांवर 'परलोकांतील' लेखन करून दाखविलें आणि नंतर प्रेक्षकांकडून हकीकती लिहून घेतल्या. या माणसांनीं प्रामाणिकपणें लिहिलें. पण ज्या क्षणीं पाटी बदलली तोच क्षण त्यांच्या हकीकतींतून गळलेला होता, आणि घडल्याच नव्हत्या अशा गोष्टी तींत शिरल्या होत्या. डोळा सर्व पाहत नाहीं, आणि स्मरणशक्ति तर रिकाम्या जागा आपल्या पदरच्या मजकुरानें भरून काढते.

पॉडमोर यांना तोडीचा प्रतिपक्षी मिळाला तो लोककथांचे अभ्यासक अँड्र्यू लँग यांच्या रूपानें. शतकानुशतकें, एकमेकांचें नांवही न ऐकलेल्या मुली आणि मोलकरणी नेमक्या त्याच युक्त्या कशा करतात, असा लँग यांचा सवाल होता. तो वाजवी होता, आणि त्यामुळेंच पुढील संशोधकांना लबाडीखेरीज इतर कारणेंही तपासून पाहणें प्राप्त झालें.

त्यांपैकीं एक कारण भूगर्भांतील पाण्याचें. जी. डब्ल्यू. लँबर्ट यांनीं १९५५ सालीं असा सिद्धांत मांडला कीं, भरतीमुळें किंवा अतिवृष्टीमुळें जमिनीखालच्या प्रवाहांना फुगवटा येऊन घराचा पाया हादरतो, आणि त्या हादऱ्यानें आवाज होतात व वस्तू हलतात. कल्पना सुबक होती. ती कसोटीस लावण्याचा मार्गही तितकाच सरळ निघाला. पाडावयाच्या ठरलेल्या एका घरांत वस्तू मांडून ठेवून गॉल्ड आणि कॉर्नेल यांनीं १९६१ सालीं यंत्रानें तें घर हादरविलें. भिंती थरथरल्या, आंतल्या माणसांना हादरे स्पष्ट जाणवले. परंतु भानामतींत सांगतात तशा वस्तू कांहीं उडाल्या नाहींत. कपबशी खोलीच्या दुसऱ्या टोकास जाण्याइतका हादरा द्यावयाचा तर तत्पूर्वीं घरच कोसळेल, हें उघड झालें. पाणी, वारा, छपराखालचे उंदीर आणि तापून प्रसरण पावणारे नळ यांनीं कित्येक गूढ आवाजांचा उलगडा होतो. फेंकलेल्या दगडाचा होत नाहीं.

तपास किती कसून करतां येतो याचें उत्तम उदाहरण १९५८ चें. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर सीफर्ड गांवीं एका कुटुंबांत ३ फेब्रुवारीपासून बाटल्यांचीं फिरकीचीं झांकणें आपोआप निघूं लागलीं. न्हाणीघरांत, स्वयंपाकघरांत, तळघरांत बाटल्या उपड्या होत. पुढें पुतळे व फर्निचरही पडूं लागलें. १० मार्चपर्यंत असे ६७ प्रकार नोंदले गेले. पोलिसांनीं एक गुप्त पोलीस अधिकारी या कामावर नेमला. वीज कंपनीनें तळघरांत कंपनें नोंदणारें यंत्र ठेविलें. त्यांत कांहींच उमटलें नाहीं. विजेच्या तारा, पाण्याचे नळ, धुराडें, विमानांच्या फेऱ्या, सर्व पाहून झालें. ड्यूक विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंतून जे. गेथर प्रॅट आणि विल्यम रोल हे दोघे आले. बाटलींत वायु सांचून झांकण उडत असेल काय, हें पाहण्यासाठीं त्यांनीं फिरकीच्या झांकणाच्या बाटलींत सुका बर्फ घालून पाहिला. एक तर वायु आट्यांमधून निसटून जाई, नाहीं तर बाटलीच फुटे. झांकण स्वतःहून फिरून निघेना.

मग त्यांनीं प्रत्येक प्रकाराच्या वेळीं घरांतील प्रत्येक माणूस कोठें होता याचा तक्ता मांडला. तेव्हां असें दिसलें कीं, घरांतला बारा वर्षांचा मुलगाच बहुतेक वेळां जवळपास होता. येथवर सर्वांचें एकमत आहे; वाद येथून पुढें सुरू होतो. लबाडीचा पुरावा मिळाला नाहीं, तेव्हां त्या मुलाच्या मनांतूनच नकळत एखादी शक्ति बाहेर पडत असावी, अशी प्रॅट व रोल यांची कल्पना. या कल्पनेला त्यांनीं वारंवार व आपोआप घडणारें मनोगतिबल अशा अर्थाचें लांबलचक नांव दिलें. टीकाकारांचें म्हणणें असें कीं, लबाडीचा पुरावा न मिळणें आणि लबाडीला वाव नसणें या दोन गोष्टी भिन्न आहेत; मुलाला बांधील पहाऱ्यांत ठेवून एकही प्रकार घडल्याचें दाखविलें गेलें नाहीं. शिवाय ती शक्ति काय, ती कोठून येते, ती मोजावयाची कशी, यांतील एकाही प्रश्नाचें उत्तर त्या नांवानें मिळत नाहीं. अज्ञाताला नांव दिल्यानें तें ज्ञात होत नाहीं.

१९६७ सालीं जर्मनींतील रोझेनहाइम येथें एका वकिलाच्या कचेरींत दिवे झोके घेऊं लागले आणि दूरध्वनीवरून वेळ सांगणाऱ्या खात्याला भराभर फोन लागूं लागले. तेथें दोन पदार्थवैज्ञानिकही येऊन गेले. तरी सूत्र फिरून एका एकोणीस वर्षांच्या नोकर मुलीपाशींच येऊन थांबलें. १९८४ सालीं अमेरिकेंतील कोलंबस शहरीं एका चौदा वर्षांच्या मुलीभोवतीं वस्तू उडतात अशी आवई उठली. तेथें चालू राहिलेल्या दूरचित्रवाणीच्या एका कॅमेऱ्यानें, कोणी पाहत नाहीं असें वाटतांच ती मुलगी स्वतः दिवा ओढून पाडीत असल्याचें टिपलें. मुलीनें एकदां फसविलें म्हणून सर्वच खोटें कशावरून, असा युक्तिवाद अशा वेळीं केला जातो. तर्कदृष्ट्या तो खोडून काढतां येत नाहीं. परंतु ज्या दुकानांत एक नाणें खोटें निघालें तेथलीं उरलेलीं नाणीं वाजवून घेणें हें शहाणपणाचें लक्षण आहे.

हात सांपडला म्हणजे शोध संपला काय? या प्रश्नाचें नकारार्थी उत्तर प्रथम ठासून दिलें तें नँडोर फोडोर या मूळच्या हंगेरियन संशोधकानें. १९३८ सालीं लंडनजवळ थॉर्नटन हीथ येथें एका गृहिणीच्या भोवतीं वस्तू पडत होत्या. क्ष-किरणांनीं पाहतां, 'हवेंतून येणाऱ्या' वस्तू तिनें अंगाशीं लपविल्याचें दिसून आलें. दुसरा कोणी असता तर तेथेंच प्रकरण मिटवून घरीं गेला असता. फोडोर यांनीं मात्र, ती असें कां करते, असा प्रश्न विचारला, आणि जुन्या, दडपलेल्या दुःखाला तोंड फुटत नाहीं तेव्हां तें अशा वाटेनें बाहेर येतें असें प्रतिपादन केलें. या विचारापायीं त्यांना आपल्या संस्थेंतील जागा गमवावी लागली. पण मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइड यांनीं त्यांचें हस्तलिखित वाचून त्यांच्या पद्धतीची वाखाणणी केली.

महाराष्ट्रांतील अनुभव याच दिशेनें बोट दाखवितो. शिकलेल्या घरांत भानामती होत नाहीं ही समजूत चुकीची आहे. १९३० सालीं हॅरी प्राइस या इंग्रज भूतसंशोधकानें विलायतेंत गाजविलेली एक हकीकत पुण्यांतील एका सुशिक्षित कुटुंबाची होती, आणि तेथेंही केंद्रस्थानीं एक लहान मुलगाच होता. अंगावर उठणाऱ्या काळ्या फुल्या बहुधा बिब्ब्याच्या तेलानें उठतात. कपड्यांना 'आपोआप' लागणारी आग फॉस्फरससारख्या, ओला असतां शांत राहून वाळतांच पेटणाऱ्या द्रव्यानेंही लावतां येते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं १९८९ सालीं स्थापिलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनीं अशीं अनेक प्रकरणें हाताळलीं. त्यांची रीत साधी आहे. घटनांची वेळवार नोंद करावयाची. घरांतील प्रत्येक माणसाशीं एकांतांत, धाक न घालतां बोलावयाचें. कोणाच्या मनावर कसला ताण आहे हें जाणून घ्यावयाचें. परीक्षेची भीति, मनाविरुद्ध ठरलेलें लग्न, सासरचा जाच, धाकट्या भावंडाकडे वळलेलें आईचें लक्ष, अशा कारणांपाशीं माग येऊन थांबतो. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा कीं, ती व्यक्ति सांपडली तरी तिचें नांव चारचौघांत उच्चारावयाचें नाहीं.

या नियमांत सारी माणुसकी आहे. ज्या घरांत दोन महिने दगड पडले, शेजाऱ्यांशीं वैर झालें, मांत्रिकाच्या पायांवर पैसे ओतले गेले, त्या घराला 'हें तुमच्याच मुलीनें केलें' असें सांगणें म्हणजे तिला मारहाणीच्या स्वाधीन करणें होय. उलट तिचें म्हणणें कोणीं तरी ऐकून घेतलें, तिचा ताण हलका झाला, म्हणजे दगड आपोआप थांबतात. दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत हत्या झाली. त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा अंमलांत आला. एखाद्यावर करणी वा काळी जादू करण्याचा आळ घेऊन त्याचें जिणें कठीण करणें, किंवा भूत उतरविण्याच्या निमित्तानें मारहाण करणें, हे या कायद्यानें गुन्हे ठरले आहेत. कॉक लेनच्या केंटला व टेडवर्थच्या ढोलवाल्याला जें संरक्षण नव्हतें, तें येथील गरीब विधवेला कागदावर तरी मिळालें आहे.

सर्व प्रकरणें उलगडलीं असें मात्र म्हणतां येत नाहीं. कांहींचा पुरावा इतका अपुरा आहे कीं तीं कोणत्याच बाजूनें निकालांत काढतां येत नाहींत. परंतु उलगडा न होणें म्हणजे अलौकिक ठरणें नव्हे. चोर न सांपडल्यास चोरी पिशाचानें केली असें कोणी म्हणत नाहीं. पुरावा अपुरा पडला एवढेंच म्हणतात.

तेव्हां पुन्हां कधीं पत्र्यावर दगड वाजला, तर मांत्रिकाकडे धांवण्यापूर्वीं आणि शेजारणीकडे बोट दाखविण्यापूर्वीं घरांतल्या माणसांनीं एक वही घेऊन वेळ, जागा व हजर असणाऱ्यांचीं नांवें लिहावीं. आणि ती वही वाचून झाल्यावर, सर्वांत कमी बोलणारें जें मूल घरांत असेल त्याला जवळ बसवून, रागें न भरतां, त्याला काय सलतें तें विचारावें.